गाव सोडून नागपूरला राहायला जायच्या आधी सगळे मिळून नागपूर पाहायला येतोय. काय काय पाहावं?

वैनगंगाकाठची

सर्वांना जयभीम, नमस्कार.

आमचं गाव वडश्याजवळ, नदीकाठी. अडीच एकर धान, दोन म्हशी आणि घरामागं वांगी-मिरचीची वाडी. मुलांचे बाबा नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत ऑपरेटर आहेत. आतापर्यंत दोघा-तिघांत खोली करून तिथंच राहत होते, सुट्टी मिळाली की गावाकडे यायचे. यंदा ते कायम झाले. म्हणून उन्हाळ्यात पोरांच्या परीक्षा आटोपल्या की आम्ही सगळेच नागपूरला राहायला जायचं पक्कं केलं आहे. मुलगी सातवीत, मुलगा दुसरीत आणि सोबत सासूबाई. शेती चुलत दिराला ठेक्यानं देऊन राहिलो.

त्याआधी दिवाळीच्या सुट्टीत, धान कापून पुंजणे (कापलेल्या धानाचे ढीग) लागले की चुरण्याआधी (मळणीआधी) जो थोडा मोकळा वेळ मिळतो, तेवढ्यात सगळ्यांनी मिळून नागपूरला जाऊन यावं असा विचार आहे. मुलांची सहलही होईल आणि राहायला जायचं ते गाव डोळ्याखालून जाईल.

तसं नागपूर आम्हाला अगदीच नवं नाही. पण आमच्याकडच्या माणसाचं नागपूर म्हणजे दोनच जागा. एक मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना. सासरे आजारी होते तेव्हा तिथं मुक्कामच पडला होता, तर वॉर्ड, औषधांची दुकानं आणि झाडाखाली पसरलेली सतरंजी एवढंच मी पाहिलं. दुसरी दीक्षाभूमी. दसऱ्याला रात्री पोचायचं, लाखोंच्या गर्दीत हात धरून चालायचं, वंदना करायची, पुस्तकं घ्यायची आणि सकाळी परतीची गाडी. सासूबाईंचे वडील १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याला (चंद्रपूरला) बाबासाहेबांच्या हातून दीक्षा घेतलेल्यांपैकी. त्यामुळे दीक्षाभूमी त्यांच्यासाठी माहेरच आहे. पण तिथून चार पावलांवर लोक कसे राहतात, पाणी कधी भरतात, पोरी शाळेत कशा जातात, हे आम्हा कोणालाच ठाऊक नाही.

नणंदेनं सांगून ठेवलं आहे की फुटाळा तलाव दाखवू, मेट्रोत बसवू, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) खरेदी करू. मुलांना हे सगळं दाखवायचंच आहे, त्यात कसर करायची नाही. पण माझं मन दुसरीकडेच आहे. मला मुलीची काळजी आहे. आमच्याकडे आठवीपासूनच्या पोरी मानव विकास या सरकारी योजनेच्या निळ्या बसनं वडश्याला शाळेत जातात, सगळ्या एका गावच्या, एकमेकींना सांभाळून. तिथं ती एकटी कशी जाईल? आणि सासूबाई. त्यांनी जन्मात कधी वरच्या मजल्यावर मुक्काम केलेला नाही. मुलांचे बाबा म्हणतात आईला या वेळी राहू दे, उगाच दगदग होईल, घर ठरलं की सरळ नव्या घरीच आणू. मला ते पटत नाही, पण कारण नीट सांगता येईना.

तर तुमच्यापैकी जे आमच्यासारखे गावाकडून नागपूरला गेले, त्यांनी सांगावं. राहायचं शहर म्हणून नागपूर कसं पाहावं? कोणत्या भागात फिरावं, कोणाला काय विचारावं? उतरावं कुठं? नणंदेकडे नंदनवनला जागा आहे, पण तिचंही घर दोन खोल्यांचंच.

---

भिवापूरची माहेरवाशीण

ताई, सासूबाईंना आधी गाडीत बसवा, मग बाकीचे बसा. तुम्हाला कारण सांगता येत नव्हतं ना, ते मी सांगते. तुमचे मालक शिफ्टला जातील, जाण्या-येण्यासकट दहा-बारा तास बाहेर. पोरं शाळेत. तुम्हीही वर्षा-दोन वर्षांत काही ना काही काम धराल, शहरात एका पगारावर भागत नाही. दिवसभर त्या घरात कोण बसणार? सासूबाई. म्हणजे घर त्यांनी पसंत केलं पाहिजे. आमच्या लेआउटमध्ये गावाकडून आणलेली कितीतरी म्हातारी माणसं मी पाहते. ज्यांना विचारून घर घेतलं ती ओट्यावर बसलेली दिसतात, चारचौघीत मिसळतात. ज्यांना थेट सामानासोबत आणलं ती महिन्याभरात "मले गावाले नेऊन सोडा" म्हणतात, आणि मग मुलाचा जीव दोन्हीकडे.

आता घर कधी पाहायचं ते सांगते. लोक रविवारी सकाळी घर पाहायला येतात. तेव्हा हवा थंड, नळ येऊन गेलेला, घरमालक घरी, सगळं बरंच दिसतं. तुम्ही कामाच्या दिवशी दुपारी दोन-तीन वाजता जा. सूर्य कोणत्या भिंतीवर आहे ते पाहा. नागपूरचा मे महिना ४५-४६ अंशांचा असतो, आणि पश्चिमेची भिंत आणि वर उघडा स्लॅब असेल तर रात्री बारापर्यंत खोली तापलेली राहते. आपल्या गावच्या कवेलूच्या (कौलारू) घरात असं होत नाही, म्हणून आपल्या माणसाच्या ते लक्षातच येत नाही. खिडकीला कूलर बसेल का, खाली स्टँड ठेवायला जागा आहे का, छज्जा आहे का, हे दिवाळीतच विचारून ठेवा. आणि कूलरला रोज किती बादल्या पाणी लागतं याचा हिशेब गावाकडे कोणी करत नाही, इथं करावा लागतो.

पाण्याचं घरमालकाला विचारू नका. तो "भरपूर आहे" म्हणणार. शेजारच्या बाईला विचारा, नळ किती वाजता येतो आणि किती वेळ राहतो. शहराला पेंच प्रकल्पाचं आणि कन्हानचं पाणी आहे, जुन्या वस्तीत ठीक येतं. पण बाहेरच्या बाजूला नवनवीन लेआउट पडले आहेत, तिथं कुठं नुसत्या बोअरवर भागवतात, कुठं उन्हाळ्यात टँकर लागतो. भाडं कमी सांगितलं की आधी पाण्याचं पाहा.

आणि पुराचं विचारा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत इतका पाऊस पडला की अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, चांगल्या-चांगल्या पक्क्या घरांत छातीभर पाणी होतं. तुम्ही वैनगंगेकाठचे, तुम्हाला पूर काय ते मी सांगायला नको. पण नदीचा पूर चढताना दिसतो, माणसं हाका मारतात. इथं झोपेत दाराखालून पाणी येतं. म्हणून घराजवळ नाला आहे का ते पायी फिरून पाहा. तळमजल्याची खोली असेल तर भिंतीवर ओलीची रेघ आहे का तेही.

भागाचं म्हणाल तर मी दिघोरीकडे राहते, माझं मत तिकडेच झुकणार. पण त्याला कारण आहे. तुमची वडश्याची एसटी ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड करत याच रस्त्यानं नागपुरात शिरते. सणासुदीला, कोणाच्या मौतीला, शेतीच्या कामाला उठून जायचं तर गणेशपेठच्या मोठ्या बसस्टँडपर्यंत जावं लागत नाही. गावाकडचा तांदळाचा कट्टा, वाळवलेली मिरची, लाखोळीची डाळ, सगळं याच गाडीनं येतं. सक्करदऱ्याचा बुधवार बाजार जवळ आहे. सासूबाईंना घेऊन बुधवारी तिथं नक्की जा. भाव करू द्या, भाजी निवडू द्या. बाजार ओळखीचा वाटला की शहराची अर्धी भीती जाते.

विहार संध्याकाळी पाहा, सकाळी नाही. वंदनेला किती बायका येतात, वर्षावासात (पावसाळ्याच्या तीन महिन्यांत) ग्रंथवाचन होतं का, हे तिथंच कळेल. नणंदेकडे झोपायला जा, दिवस मात्र तुमच्या मनाप्रमाणे घालवा. मुक्काम दिला की नातेवाईक घरही आपल्याच गल्लीत पाहून देतात, आणि मग नाही म्हणता येत नाही.

---

बुटीबोरीचा पोट्टा

वहिनी, वरच्या ताईंचं सगळं बरोबर आहे, पण मी थोडं वेगळं सांगतो. मी चामोर्शीकडचा, सात-आठ वर्षं झाली बुटीबोरीत आहे. दादा तीन शिफ्टमध्ये आहेत ना? मग फर्स्ट शिफ्टला सहाच्या ठोक्याला गेटवर उभं राहायचं म्हणजे दिघोरीवरून चारला उठणं आलं. सेकंड शिफ्ट सुटली की घरी पोचेपर्यंत बारा. वर्षानुवर्षं हे केलं की माणूस झिजतो, मी माझ्या लाइनवरच्या लोकांचं पाहून राहिलो. बुटीबोरीतच घर केलं तर दादा दहा मिनिटांत घरी. जेवण गरम, झोप पुरी. बाजार आहे, शाळा आहेत, गावासारखंच वातावरण आहे.

पण हेही खरं की पोरगी आठवीत जाणार. दहावीनंतर कॉलेज, क्लासेस, ते सगळं नागपुरातच. आणि मोठा दवाखाना म्हटलं तरी वर्धा रोडनं वर जावं लागतं. तेव्हा निवड तुमची.

एकच गोष्ट सांगतो. घर दाखवणारे म्हणतील "इथून मेट्रो जाणार आहे, दोन हजार जास्त द्या." आज मेट्रो खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर एवढीच चालते, दोन्ही लाइनी बर्डीवर मिळतात. बुटीबोरीकडे दुसऱ्या टप्प्यात यायची आहे. ती येईल तेव्हा येईल, आजचं भाडं आजच्या सोयीवर द्या. आणि कंपनीची बस कुठल्या चौकातून जाते ते दादांना आधी विचारा. त्या चौकापासून पायी दहा-पंधरा मिनिटांत घर हवं, आणि तो रस्ता पहाटे अंधारात एकदा चालून पाहायचा. कुत्री, दिवे, गड्डे, सगळं तेव्हाच समजते.

---

नागभीडचे गुरुजी

नमस्कार. घर, पाणी यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मी फक्त कागदांचं सांगतो. शाळेतली माझी बरीच नोकरी गाव सोडून गेलेल्या पालकांचे जुने कागद शोधून देण्यातच गेली आहे.

गाव सोडण्याआधी मुलांच्या जातीच्या दाखल्याचं काम उरकून घ्या. दाखला मूळ गाव ज्या उपविभागात आहे तिथूनच मिळतो, नागपूरला राहायला गेलात तरी त्यासाठी देसाईगंजलाच, म्हणजे वडश्यालाच यावं लागेल. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेतला दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा त्यासाठी सगळ्यात कामाचा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला, त्याआधी आपण सगळे चांदा जिल्ह्यात होतो, म्हणून काही जुन्या नोंदी चंद्रपूरला शोधाव्या लागतात. हे काम उन्हाळ्यातल्या धावपळीत होत नाही. सासूबाईंना सासऱ्यांच्या वडिलांची शाळा, गाव, नावं तोंडपाठ असतील, त्यांच्याकडून आत्ताच लिहून घ्या.

शाळेबद्दल. मुलांना शाळा सोडल्याचा दाखला लागेल, पण तो मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते आठवीसाठी तसं स्पष्ट म्हटलं आहे. तुमची मुलगी आठवीत जाणार म्हणजे ती त्यात बसते. दिवाळीची सुट्टी तुम्हाला तशी तिथल्या शाळांनाही असेल, तेव्हा सुट्टी संपायच्या एक-दोन दिवस पुढे मुक्काम ठेवता आला तर पाहा. शाळा भरताना आणि सुटताना फाटकाबाहेर उभं राहिलं की इमारतीपेक्षा जास्त कळतं. मुली कशानं येतात, सायकली किती आहेत, घोळक्यानं निघतात की एकेकट्या.

रेशनचं टेन्शन घेऊ नका. आधार जोडलेलं असेल तर गावचं कार्ड तिथल्या दुकानातही चालतं, अंगठा लावला की धान्य मिळतं.

---

वैनगंगाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही जाऊन आलो. सासूबाईंनाही नेलं. सविस्तर लिहिते, माझ्यासारख्या कोणाला उपयोग होईल.

मुलांचं आधी. गणेशपेठला उतरल्यावर सामान नणंदेकडे टाकून रमण विज्ञान केंद्रात गेलो, ते स्टँडपासून जवळच आहे. मुलगा तिथून निघायला तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी अजब बंगला. १८६३ पासूनचं संग्रहालय आहे ते. सासूबाई जुन्या मूर्तींपुढे आणि आपल्याकडच्या आदिवासींच्या वस्तूंपुढे फार वेळ उभ्या होत्या, तिथल्या टोपल्या पाहून "अशी सुपं तर आपल्या घरी हायेत" म्हणाल्या आणि मुलांना प्रत्येक वस्तू कशाला वापरतात ते सांगत गेल्या. मेट्रोत बसलो. दीक्षाभूमीवर गर्दी नसताना पहिल्यांदाच गेलो, स्तूपाच्या आत शांत बसता आलं. सासूबाईंना ते फार लागून राहिलं होतं.

घरं आम्ही दुपारीच पाहिली. मानेवाड्याकडे एका दुमजली घराची वरची बाजू मला आवडली होती. नवी फरशी, मोठा स्वयंपाकाचा ओटा, भाडंही जमण्यासारखं. मालक सांगत होते की पाण्याची कमी नाही. सासूबाई काही न बोलता न्हाणीघरात गेल्या आणि तिथली रिकामी बादली उलटी करून उजेडात धरली. आतून पांढरा थर चढलेला, नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला. नळाच्या तोटीवरही तेच. "हे बोअरचं पानी व्हय. यात डाळ शिजत नाही," एवढंच म्हणाल्या. आमच्या शेतातल्या बोअरच्या बादलीला असाच थर येतो, पण मी ओटा आणि फरशीच पाहत राहिले असते. खाली शेजारणीला विचारलं तर तिनं सांगितलं की प्यायचं पाणी सगळे विकतच्या कॅनचं घेतात. तिथं पुढं बोलणंच केलं नाही.

बुटीबोरीच्या भाऊ, तुमचं म्हणणं मुलांच्या बाबांना अगदी पटलं होतं. आम्ही तिथंही एक दिवस काढला. गाव म्हणून मला बरं वाटलं. पण मुलीनं स्वतःच सांगितलं की तिला पुढं सायन्स घ्यायचं आहे आणि कॉलेजसाठी पुन्हा घर बदलायचं नाही. तिचं मत मोडायची माझी इच्छा नाही. मुलांच्या बाबांनी त्यावर एक मार्ग काढला, दिघोरी आणि छत्रपती चौक यांच्यामध्ये रिंग रोडवर त्यांच्या कंपनीची बस थांबते त्या चौकाजवळच पाहू. झोपेचा प्रश्न तेवढ्यानं सुटत नाही, पण पहिल्या शिफ्टला निदान तासभर वाचेल.

म्हाळगी नगरकडे एक तळमजल्याचं घर पाहिलं. खोल्या लहान, रंग उडालेला, पण पूर्वेचं दार, दारात कडुनिंब आणि महापालिकेचा नळ. शेजारच्या आजीबाई ब्रह्मपुरीच्या निघाल्या. सासूबाई आणि त्या ओट्यावर बसल्या त्या अर्धा तास उठल्याच नाहीत, तोवर आम्ही गल्लीत फिरून नाला कुठं आहे ते पाहून आलो. नाला लांब आहे, गल्ली उंचावर आहे, भिंतीला ओल नाही. २०२३ ला पाणी आलं होतं का विचारलं, तर रस्त्यावर आलं, ओट्यापर्यंत नाही असं दोन घरी सांगितलं. विहार चालत जाण्यासारखा. संध्याकाळी वंदनेला आम्ही तिघीही गेलो, पंधरा-वीस बायका होत्या, वर्षावासात वाचन होतं म्हणाल्या.

गुरुजी, तुमच्या सांगण्यावरून सुट्टी संपायच्या पुढे एक दिवस थांबलो आणि शाळा सुटताना जाऊन उभे राहिलो. मुली सायकलींनी घोळक्यानंच निघतात. दोघीजणी तर त्याच गल्लीत राहणाऱ्या. माझ्या मुलीनं त्यांच्याशी बोलायला माझी वाट पाहिली नाही. सासऱ्यांच्या वडिलांची शाळाही सासूबाईंनी सांगितली, दाखल-खारीजचा अर्ज मुख्याध्यापकांकडे देऊन ठेवला आहे.

घरमालक मार्चपासून भाडं सुरू करा म्हणतात, आम्ही मेमध्ये जाणार. दोन महिन्यांचं रिकाम्या घराचं भाडं द्यावं का, की टोकन देऊन ठेवावं? आणि भाडेकराराचं कसं करतात?

---

भिवापूरची माहेरवाशीण

वाचून फार बरं वाटलं ताई. बादलीचं मी पण कोणाला सांगितलं नव्हतं, आता सगळ्यांना सांगते.

मार्चपासून पूर्ण भाडं देऊ नका. अर्धं भाडं म्हणून बोलून पाहा, किंवा एप्रिलपासून सुरू करा आणि एप्रिलमध्येच कूलर, गॅस, जड सामान आणून ठेवा. एप्रिलमध्ये एक रात्र त्या घरात झोपूनही पाहा, गरमी किती होते ते तेव्हाच समजेल. टोकन दिलं तर रकमेची पावती घ्या, कितीही चांगले लोक असले तरी. करार ११ महिन्यांचा करतात, तो नुसता स्टँपपेपरवर न ठेवता रजिस्टर करून घ्या. शाळा, बँक, गॅसचा पत्ता बदलणं, सगळीकडे तोच दाखवता येतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते, ती घरमालकानं दिली का ते विचारा.

ब्रह्मपुरीच्या आजीबाईंचा फोन नंबर सासूबाईंकडे असू द्या. मेपर्यंत दोघींचं बोलणं चालू राहिलं पाहिजे.

---

बुटीबोरीचा पोट्टा

पोरीनं सांगितलं म्हणजे विषय संपला वहिनी, बरोबर केलं. दादांना सांगा, सेकंड शिफ्टच्या दिवशी रात्रीची बस रिंग रोडच्या त्याच चौकात सोडते का ते ड्रायव्हरला विचारून ठेवा. काही बसा रात्री मार्ग बदलतात. सामान आणायच्या दिवशी माणसं लागली तर सांगा, आम्ही चार-पाच जण वडसा-आरमोरीकडचेच आहोत, रविवार असला तर येऊ.